सजीवांनी बांधलेली बेटे

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

नवरत्नांची नावे महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहेत. त्यांपैकी हिरा, माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज, गोमेद आणि लसण्या ही सात रत्ने भूगर्भातून निघतात. उरलेली दोन, मोती आणि पोवळे, ही समुद्राची देणगी होय. आणि ती दोन्ही प्राणिज आहेत. मोती शिंपल्यात तयार होतो हे शाळेतील मूलही सांगेल. परंतु मंगळाच्या प्रीत्यर्थ बोटात घातलेले पोवळे हा एका प्राण्याचा सांगाडा आहे असे सांगितले, तर अनेक सुशिक्षित गृहस्थ क्षणभर अंगठीकडे पाहतच राहतात. वैद्यांच्या प्रवाळभस्माचे मूळही तेच. हे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदरातून ते गोव्यास येत असे आणि त्याच्या मोबदल्यात येथून हिरे जात.

या बाबतीत सामान्य माणसाने संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण विद्वानांचाही दीर्घकाळ असाच गैरसमज होता. १७०६ साली लुइजी फर्दिनांदो मार्सिली या इटालियन अभ्यासकाने समुद्रातून नुकतीच काढलेली पोवळ्याची फांदी समुद्राच्याच पाण्यात ठेवली. काही वेळाने तिच्यावर आठ-आठ पाकळ्यांची शुभ्र फुले उमलली. पोवळे ही वनस्पती आहे याचा पुरावाच हाती आला, असे त्यास वाटले. पुढे १७२० च्या दशकात मार्सेय येथील झाँ-आंद्रे पेसोनेल या वैद्याने तीच ‘फुले’ बारकाईने पाहिली. ती स्पर्श होताच आक्रसतात आणि पुन्हा पसरतात, हे ध्यानी घेऊन त्याने निष्कर्ष काढला की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हे मत रेओम्यूर या नामवंत शास्त्रज्ञाने मांडले खरे, परंतु मूळ लेखकाचे हसे होऊ नये म्हणून त्याचे नाव तेवढे सांगितले नाही! सौजन्याने एखाद्यावर असा अन्याय क्वचितच झाला असेल. पेसोनेलचे म्हणणे मान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

प्रवाळाच्या एकेका जीवास पॉलिप म्हणतात. तो बहुधा काही मिलिमीटर आकाराचा असतो आणि त्याची रचना अगदी साधी असते. एक मऊ पिशवी, तिला वरच्या बाजूस एकच तोंड, आणि तोंडाभोवती बारीक सोंडांचे कडे. अन्न ज्या द्वाराने आत जाते त्याच द्वाराने निरुपयोगी भाग बाहेर पडतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, हृदय नाही. सोंडांत मात्र सूक्ष्म दंशकोशिका असतात आणि एखादा तरंगता जीव त्यांस लागला की त्याच्या अंगात विषारी तंतू घुसतो. किनाऱ्यावर वाहून येणारा आणि पायाला लागताच आग करणारा जेलीफिश हा प्रवाळाचाच भाऊबंद होय.

हा दुबळा जीव समुद्राच्या पाण्यातील द्रव्यांपासून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचे मूळ द्रव्य, तयार करतो आणि स्वतःभोवती एक कठीण वाटी रचतो. मग तो विभागून एकाचे दोन, दोनाचे चार होतो आणि पाहता पाहता हजारो पॉलिपांची वसाहत उभी राहते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षास साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तर फांद्या फुटणारे काही प्रकार दहा सेंटिमीटरपर्यंत मजल मारतात. खाली साचत जातो तो सांगाडा; जिवंत असतो तो फक्त वरचा पातळ थर, भिंतीवरील रंगाच्या थराइतका. झाडाच्या खोडात जशी वर्षागणिक वलये पडतात तसे थर प्रवाळाच्या सांगाड्यातही पडतात, आणि त्यांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या समुद्राचे तापमान अभ्यासकांना अजमावता येते.

परंतु एवढे प्रचंड बांधकाम करण्यास लागणारी शक्ती या जीवास कोठून मिळते? उष्ण कटिबंधातील निळ्याशार, निर्मळ पाण्यात अन्न फार थोडे असते. पाणी निर्मळ दिसते तेच मुळी त्यात तरंगते जीव कमी असल्यामुळे. उत्तर असे की प्रवाळ एकटा नसतो. त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल वस्तीस असते. हे शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानास देते. भित्ती बांधणाऱ्या अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत गरज याच वाटणीतून भागते. मोबदल्यात शैवालास निवारा मिळतो आणि प्रवाळाचे उत्सर्जित पदार्थ खत म्हणून मिळतात. शेतकऱ्याने शेतात घर बांधावे असा प्रकार सर्वत्र दिसतो. येथे शेतकऱ्याच्या अंगातच शेत आहे. प्रवाळांचे तपकिरी, हिरवट, सोनेरी असे रंगही बव्हंशी या शैवालामुळेच दिसतात. या भागीदारीमुळे प्रवाळभित्तींना उथळ, उबदार आणि स्वच्छ पाणी लागते. पावसाळ्यात नद्यांचा गाळ जेथे समुद्रात लोटला जातो, तेथे त्यांची वाढ खुंटते. कोकणच्या किनाऱ्यालगत मोठ्या प्रवाळभित्ती का नाहीत, या प्रश्नाचे एक प्रमुख कारण हेच आहे.

जागेवर खिळलेल्या या प्राण्यांचा वंश वाढतो कसा, हा प्रश्न तर अगदी अलीकडे सुटला. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळभित्तींची रांग आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी काही तरुण संशोधकांनी रात्री पाण्यात उतरून एक दृश्य पाहिले. वसंत ऋतूच्या अखेरीस पौर्णिमा उलटली की त्यानंतरच्या काही ठरावीक रात्रीच डझनावारी जातींचे प्रवाळ एकाच सुमारास अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडतात. मोहरीएवढ्या गुलाबी गोळ्यांचा जणू उलटा पाऊस तळाकडून पृष्ठाकडे सुरू होतो. सकाळी समुद्रावर त्यांचे लांबच लांब पट्टे दिसतात. डोळे नसलेल्या जीवास तिथी कशी कळते? पाण्याची वाढती ऊब ऋतू सांगते, चंद्रप्रकाशातील बदल रात्र सांगतो आणि सूर्यास्त प्रहर सांगतो, असे आता दिसून आले आहे. तिथीवरून उधाण आणि भांग ओळखणाऱ्या कोळी बांधवांना यात फारसे नवल वाटू नये. एकाच वेळी एवढी अंडी पाण्यात आली की ती खाणारे मासे कितीही हावरे असले तरी बरीच अंडी वाचतात. त्यांतून निघालेली अळी काही दिवस तरंगते आणि एखादा कठीण पृष्ठभाग धरते. एकदा जागा धरली की ती जन्माची.

प्रवाळभित्तींनी सागरतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही. तथापि समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा आयुष्यात केव्हा ना केव्हा तेथे वावर असतो. या गजबजलेल्या नगरातील रहिवाशांची सर्व वर्णने करू लागले तर एक वर्ग पुरणार नाही. समुद्रपुष्पाच्या विषारी सोंडांत निर्धास्त राहणारा विदूषक मासा जन्मतः नरच असतो. गटातील सर्वांत मोठा मासा तेवढा मादी असतो आणि ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी बनतो. पिस्तुल कोळंबी आपली नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा निर्माण होऊन फुटतो आणि त्या आघाताने भक्ष्य मूर्च्छित होते. समुद्रात सोडलेल्या ध्वनिग्राहकांत भित्तीजवळ जो अखंड कडकडाट ऐकू येतो तो मुख्यतः या कोळंब्यांचा. खुल्या समुद्रात वाढलेली माशांची पिले या आवाजाच्या रोखाने भित्तीकडे परततात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. तिच्याच दूरच्या कुळातील मँटिस कोळंबीचा ठोसा ताशी ८० किलोमीटरांहून अधिक वेगाने बसतो. शिंपल्याचे कवच त्यापुढे टिकत नाही.

दोन रहिवाशांपाशी मात्र थोडे थांबावयास हवे.

पहिला म्हणजे बोटभर लांबीचा, अंगावर निळा-काळा पट्टा असलेला सफाई करणारा मासा. भित्तीवर त्याची ठरावीक जागा असते. तेथे मोठमोठे मासे येऊन तोंड उघडून स्तब्ध राहतात आणि हा चिमुकला मासा त्यांच्या कल्ल्यांत, किंबहुना जबड्यातही शिरून अंगावरील परजीवी टिपून खातो. हजामाच्या दुकानाप्रमाणे गिऱ्हाइके आपल्या पाळीची वाट पाहत थांबतात. जे मासे एरवी त्यास एका घासात गिळतील ते येथे हूं की चूं करीत नाहीत. या विश्वासाचा गैरफायदा घेणाराही आहेच. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक तोतया मासा सफाईचे सोंग घेऊन जवळ येतो आणि गिऱ्हाइकाच्या परांचा लचका तोडून पळतो. नगर म्हटले की असे महाभाग आलेच.

दुसरा रहिवासी म्हणजे पोपटमासा. त्याचे दात एकमेकांस जुळून चोचीसारखे झालेले असतात. तो दिवसभर प्रवाळाच्या मृत पृष्ठावरील शैवाल खरवडतो. त्याबरोबर चुनखडीही पोटात जाते. घशातील दळणारे दात तिचे पीठ करतात आणि ती बारीक पांढऱ्या वाळूच्या रूपाने मागे पडते. एक मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. मालदीवमधील एका बेटाभोवतालच्या अभ्यासात (२०१५) असे आढळले की तेथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी निर्माण केली होती. पर्यटकांच्या चित्रांतील त्या शुभ्र पुळणीचा उगम कळल्यावर काहींच्या कपाळावर आठी पडते. परंतु त्याच वाळूवर माणसांची गावे वसली आहेत, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ही गावे समुद्राच्या मध्यावर आली कशी, याचा उलगडा चार्ल्स डार्विनने केला. अथांग समुद्रात बांगडीसारखी बेटांची वर्तुळे असतात. मध्ये उथळ, शांत पाणी आणि कडेने प्रवाळांची भिंत. त्यांस कंकणद्वीपे म्हणतात, आणि मधल्या पाण्यास खारकच्छ. उथळ पाण्यातच जगणारा प्राणी खोल समुद्रातून भिंत बांधीत वर कसा आला? डार्विनने प्रवाळभित्ती प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना, उत्तर योजून ठेवले होते. ज्वालामुखीचे बेट सावकाश खचते, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ तेवढ्याच गतीने वर चढत राहतात, आणि अखेर डोंगर बुडून केवळ कडे उरते. १८४२ साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. याचा निर्णायक पुरावा ११० वर्षांनी मिळाला. १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर वेधन केले असता १,२०० मीटरांहून अधिक जाडीचा प्रवाळजन्य चुनखडक भेदल्यानंतर ज्वालामुखीचा पाषाण लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच कंकणद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली आणि त्यातील एलुगेलाब हे बेट नकाशावरून नाहीसे झाले. कोट्यवधी वर्षांच्या बांधकामाचा तो तुकडा उडण्यास क्षणही लागला नाही.

भारताची कंकणद्वीपे म्हणजे लक्षद्वीप. त्यांचे आणि महाराष्ट्राचे नाते नकाशावर दिसते त्याहून जवळचे आहे. भूकवचाखालील ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस उफाळून सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला, त्याच स्रोतावरून भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत असता मागे जी बुडालेली पर्वतरांग उरली, तिच्यावर लक्षद्वीप उभे आहे, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. वर दिसणारी सर्व भूमी मात्र प्रवाळांची. ३६ बेटे, त्यांपैकी वस्ती दहांवर, भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर. खारकच्छांचा विस्तार मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांहून अधिक लोक येथे राहत होते. येथे एकही नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थराने तरंगत राहते आणि तेच विहिरींना येते. भूमी बहुतेक ठिकाणी समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. बाहेरची भिंत लाटांचा जोर मोडते म्हणून आतली माणसे, माड आणि विहिरी सुरक्षित राहतात. भिंत झिजली की लाट आत येते. बंगारमनजीकचे पराली-१ हे निर्जन बेट पूर्णपणे झिजून गेल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासातून उघड झाले.

भिंत झिजू न देण्यासाठी प्रवाळ जिवंत असावा लागतो, आणि येथेच खरी चिंता आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंशाने अधिक काही आठवडे राहिले, तरी प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी मोडते. प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो आणि त्याच्या पारदर्शक शरीरातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यास विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, न निवल्यास मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे विरंजन झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा झाले. मधली अंतरे मोजली तर बारा वर्षे, सहा वर्षे आणि आठ वर्षे. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांभोवती १९९८ पासून चोवीस वर्षे ठेवलेल्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आले आहे. दोन विरंजनांमध्ये पुरेसा काळ मिळाला तर भित्ती सावरते, हेही याच नोंदींतून दिसले.

हवेतील वाढता कार्बन डाय-ऑक्साइड दुसऱ्या वाटेनेही घात करतो. तो समुद्रात विरघळून पाण्याची आम्लता वाढवितो आणि चुनखडी रचणे प्रवाळास कठीण होते. शिक्षकांना याची कल्पना वर्गात देता येईल. अंड्याचे कवचही याच द्रव्याचे असते. ते व्हिनेगरमध्ये टाकून ठेवल्यास बुडबुडे येऊन विरत जाते. समुद्राचे पाणी अर्थातच व्हिनेगर नव्हे आणि होणारही नाही, हे मुलांना त्याच वेळी सांगितलेले बरे.

समुद्र तापतो त्यावर एखाद्या पंचायतीचा इलाज नाही. परंतु मेलेल्या भागावर नवा प्रवाळ धरणार की शेवाळ माजणार, हे पुष्कळसे पोपटमाशांसारख्या शैवालभक्षी माशांच्या संख्येवर ठरते, आणि ती माणसाच्या हाती आहे. लक्षद्वीपचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या काठी आणि गळाने खुल्या समुद्रातील कुपा मासा धरीत आले. त्यामुळे भित्तीवरील माशांना फारसा उपद्रव नव्हता. अलीकडील वर्षांत भित्तीवरच्या माशांनाही बाजारात मागणी येऊ लागली आहे. पोपटमाशांचा वजनावर भाव ठरतो. त्याने केलेल्या वाळूचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो.

महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत, याची कल्पना अनेकांना नसते. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभरेक किलोमीटर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार असून त्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील कातळांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. १९८७ साली तेथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मुंबईसारख्या शहराच्या गढूळ पाण्यातही काही काटक जाती तग धरून आहेत. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील १८ वसाहती आढळल्या तेव्हा, २०२० च्या नोव्हेंबरात, त्या धोंड्यांसह उचलून अन्यत्र नेऊन ठेवण्यात आल्या. कोट्यवधी रुपयांच्या रस्त्याला हाताच्या पंजाएवढ्या प्राण्यांसाठी थांबावे लागले, यामागे कायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश झाला. वाघास जे संरक्षण आहे तेच त्यांस आहे, आणि गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. किनाऱ्यावरून शोभेसाठी उचललेला मृत तुकडाही यातून सुटत नाही.

मालवण परिसरात पाण्याखालील सृष्टी दाखविण्याचा व्यवसाय आता शेकडो कुटुंबांना आधार देतो. तेथे पोहणारा पाहुणा दमला की नकळत जवळच्या ‘दगडावर’ पाय रोवून उभा राहतो, आणि होडीचा नांगरही अनेकदा त्याच ‘दगडावर’ पडतो. वर्षास एक सेंटिमीटरने वाढलेला वीतभर घुमट त्याखाली फुटला, तर तेवढाच पुन्हा उभा राहण्यास वीस वर्षे लागतात. नांगराऐवजी पाण्यात कायमचे बोये बांधून होड्या त्यांस अडकविण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. तिला लागते ती काँक्रीटची एक जड बैठक, काही हात दोर आणि एक बोया.